नितेशच्या नंबरावर

अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

रागिणी,

चंद्रभानला दोन वेळा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "ताई झोपून राह्यली, भाऊजी." दिवसा तू कधी झोपत नाहीस. तुझ्या भावाला माझ्यामुळे खोटं बोलावं लागतं हे बरं नाही, म्हणून पत्र लिहितो. अकोल्याचा पत्ता आठवून लिहिला आहे, पिनकोड चुकला असेल.

इथे ठीक आहे. डबा लावला आहे. ऑफिसात मोजणीची कामं भरपूर आहेत, सध्या चांदूर रेल्वेकडची गावं चालू आहेत. तूर डोक्याच्या वर गेली आहे, त्यामुळे या बांधावरून त्या बांधावरची खूण दिसत नाही आणि दिवस जातो.

एक विचारायचं होतं. कॅमेरा बदलावा असं मनात आहे. फुल फ्रेम घ्यावा म्हणतो. नितेशच्या तोंडून हा शब्द तू पुष्कळदा ऐकला असशील. कॅमेऱ्याच्या आत उजेड टिपणारा जो चौकोन असतो, तो आपल्या कॅमेऱ्यात लहान आहे. फुल फ्रेममध्ये मोठा असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात आपल्या फोटोत दाणे दाणे दिसतात, त्यात ते फार कमी येतात. रंगही बरे येतात म्हणतात.

तोटेही आहेत. आपली लांब पल्ल्याची लेन्स त्यावर नीट चालत नाही, कडा काळ्या पडतात. शिवाय त्याच लेन्समधून पक्षी आपल्या कॅमेऱ्यात जेवढा मोठा भरतो तेवढा त्यात भरत नाही. रविवारच्या आमच्या पक्षीवाल्यांमधले महादेवराव, ते निवृत्त मास्तर, हसतात. म्हणाले, "सर, फुल फ्रेम घेतल्यानं सेमाडोहचा वाघ काय दोन पावलं जवळ येते काय? आहे त्याच्यात काय खराबी हाय?" मी म्हणालो, उजेडाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "मंग थोडं उशिरा उठा ना बाप्पा."

तरी घ्यावा असं वाटतं. दुकानदार ओमप्रकाश जुना परत घेऊन नवा देतो. जुना देऊन टाकावा म्हणतो.

नितेशच्या तेरवीला पुंजाजी काका म्हणाले होते की ज्याच्यात पोराचा जीव होता ते घरात ठेवू नये, कपड्या-बुटांबरोबर कॅमेराही देऊन टाका. तेव्हा तू उठून कॅमेरा आतल्या कपाटात ठेवला होतास आणि किल्ली कमरेला खोचली होतीस. म्हणून तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही. चंद्रभानजवळ हो की नाही एवढा निरोप दे.

किशोर


अमरावती
२४ नोव्हेंबर २०२४

रागिणी,

निरोप मिळाला. चंद्रभान सांगायला कचरत होता. मी म्हणालो, ती बोलली तसंच सांग. त्याने सांगितलं, "ताई म्हणे, त्याइले म्हणा, पोराचे बूट गेले, घड्याळ गेलं, आता त्याचे डोळेही इका. आन वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणून राहिले, लोकाइले काय तोंड दाखवान?" मग त्याने स्वतःच्या मनाने जोडलं, "भाऊजी, रागात हाय ती, मनावर नका घेऊ." मी मनावर घेतलं आहे.

वर्षाच्या आत घरात नवं काही येत नाही हे मला माहीत आहे. दिवाळीला मी दिवासुद्धा लावला नाही.

विकणार नाही. हे लिहून देतो. पण तुला आणखी एक सांगितलं पाहिजे. तुझा निरोप यायच्या आधल्या दिवशी मी दुकानात जाऊन आलो होतो. नुसतं विचारायला गेलो होतो, तरी कॅमेरा बरोबर नेला होता. तुझी वाट पाहायला हवी होती.

ओमप्रकाशने कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. म्हणाला, "सर, चीज़ संभाल के रखी है. नितेशभैया का हाथ ही अलग था." मग त्याने तो डोळ्याला लावला. "अरे, ये तो पूरा धुंधला दिख रहा है," म्हणाला, आणि त्याचा अंगठा वर गेला. मी त्याचा हात धरला. जोरात धरला असावा, कारण त्याने दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळला. "सर, सिर्फ़ देख रहा था," म्हणाला. गिऱ्हाइकं बघत राहिली. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि बाहेर आलो. चप्पल दुकानातच राहिली होती, ती घ्यायला परत जावं लागलं.

जुना घरीच राहील. पण दुसरा घ्यायचा विचार अजून आहे. का ते विचारू नकोस. पहिल्या पत्रात लिहिलं आहे, उजेडासाठी.

जाताना तू फाटकाजवळ म्हणाली होतीस, "तुमच्या डोळ्यात पाणी नाई, आन हातात कॅमेरा हाय. अशा माणसाजवळ मी नाई राहू शकत."  

किशोर


अमरावती
८ डिसेंबर २०२४

रागिणी,

चंद्रभान काल म्हणाला की तू दोन्ही पत्रं वाचलीस आणि दुसरं परत वाचलंस. तू त्याला विचारलंस म्हणे, "त्या दुकानदाराचा हात काहून धरला असन?" म्हणून आता लिहितो.

कॅमेऱ्यात आपण जिथे डोळा लावतो, त्या खिडकीच्या बाजूला एक लहानसं चाक असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. चष्मा लागणाऱ्या माणसाने चष्मा काढून ते चाक फिरवलं, की त्याला आतलं स्पष्ट दिसायला लागतं. फोटोशी त्याचा काही संबंध नाही. फोटो कसाही स्पष्टच येतो, कॅमेरा आपला आपण नेम धरतो. चाक फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी आहे.

नितेश चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि चाक त्याच्या नंबरावर लावायचा. मला लांबचं चष्म्याशिवाय दिसतं. त्यामुळे कॅमेरा माझ्या हातात आला की मी ते माझ्यासाठी फिरवायचो, परत दिला की तो पुन्हा त्याच्यासाठी. दर रविवारी यावरून आमचं व्हायचं. "बाबा, हे तुमचं मोजणीचं यंत्र नाई. दर खेपेले काहून फिरवता?" मी म्हणायचो, "मले दिसत नाई तर काय करू?" "मंग तुमच्यासाठी दुसरा घ्या. फुल फ्रेम घ्या, पेन्शनीत कामाले येईन." आणि हसायचा. तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्यासमोर आम्ही कॅमेऱ्याचं बोलत नव्हतो, तू किमतीवरून बोलायचीस म्हणून.

आमच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्या दुर्बिणीतून मोजणी करायची नाही. यंत्रापाशी गेलं की आधी डोळ्याजवळची कडी आपल्या डोळ्याला लावायची. नोकरीत लागल्यापासून हेच केलं. आता डोळा लावायच्या आधी अंगठा फिरतो. मी फिरवतो असं नाही, तो फिरतो.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी तो नेहमीसारखा मोटरसायकलवर अकोल्याहून घरी निघाला तेव्हा कॅमेरा त्याच्या पाठीवर होता. रस्त्यात उभ्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. पुढचं तुला माहीत आहे. पिशवी फक्त खरचटली होती. कार्डावरचे शेवटचे फोटो मी तुला दाखवले होते, चंद्रभानच्या घरामागच्या कडुनिंबावरचा तांबट पक्षी. त्यानंतर त्या खिडकीतून कोणी पाहिलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर कपाटाची किल्ली तू मला दिलीस. मी छत्री तलावावर गेलो आणि डोळा लावला. सगळं धूसर. पाणी कुठे, झाडं कुठे, काही कळेना. अंगठा चाकावर गेला होता आणि तिथे थांबला. तेव्हा लक्षात आलं की हे त्याने लावलेलं आहे. कपडे आपण धुऊन दिले. चंद्रभानकडची त्याची खोली झाडून झाली होती. गादीला ऊन दाखवलं होतं. तो जसं सोडून गेला तसं एवढं चाकच राहिलं होतं.

तू म्हणायचीस, पोरगा जाऊन महिना नाही आणि बाप पाखरं टिपत फिरतो. मी एकही फोटो काढत नव्हतो. कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहत होतो. त्याला जे स्पष्ट दिसायचं ते मला दिसत नाही, एवढंच पाहत होतो.

माझ्या अंगठ्याची मला भीती वाटते. म्हणून दुसरा कॅमेरा हवा आहे. रविवारी माणसांत जायचं तर हातात काहीतरी लागतं, आणि हा हातात असला तर एक दिवस फिरणार. जुना देऊन टाकावा असं वाटलं तेही याचसाठी, समोर नको म्हणून. दुकानात दुसरा कोणी फिरवेल हे मात्र ओमप्रकाशचा अंगठा वर जाईपर्यंत डोक्यात आलं नाही.

चाकावर जखमेची पांढरी पट्टी चिकटवली आहे.

किशोर


अमरावती
२२ डिसेंबर २०२४

रागिणी,

चाक फिरलं.

आज सकाळी महादेवराव घ्यायला आले. "सर, किती दिवस नुसते कॅमेरा लटकवून हिंडान? चला मालखेडले, चक्रवाक आले हायत." गेलो. तलावावर खूप दंव होतं. पट्टी ओली होऊन सुटली, ते मला कळलं नाही. महादेवराव ओरडले, "सर, डावीकडे!" मी वळलो, कॅमेरा वर आला आणि अंगठा फिरला. चक्रवाकांची जोडी पाण्यावर उतरत होती. पंखांवरचं पांढरं दिसलं, चोचीचं टोक दिसलं. मे महिन्यानंतर त्या खिडकीतून मला पहिल्यांदा काही दिसलं, आणि ते इतकं चांगलं दिसलं की क्षणभर मी पाहत राहिलो. मग कळलं.

महादेवरावांनी विचारलं, "भेटला काय फोटो?" मी नाही म्हणालो. "एवढ्या जवळून नाई भेटला? मंग तुमाले फुल फ्रेमच घ्या लागते." मी तलावाच्या मातीच्या पाळीवर बसून राहिलो. चक्कर आली असं त्यांना सांगितलं.

चाकावर आकडे नसतात. आधी खूण करून ठेवायला हवी होती. नवीन पोरांना मी शिकवतो की यंत्राला हात लावण्याआधी खूण करा. इथे केली नाही. त्याच्या वस्तूवर माझी शाई नको वाटली. आता मागे-पुढे फिरवून पाहिलं, पण मला धूसर सगळीकडे सारखंच दिसतं. त्याचं धूसर कोणतं ते ओळखता येत नाही.

चष्म्याने काही करता येईल का तेही पाहिलं. त्याच्या डोळ्यावरचा रस्त्यावर फुटला, घरातला जास्तीचा तेरवीत देऊन टाकला.

तो शाळेत असताना डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, पोराने आईचे डोळे घेतले, नंबरसुद्धा तोच. म्हणून विचारतो. तू एकदा येशील का? राहायला नको. चष्मा काढून बघ आणि तुला स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरव. अगदी तेच येणार नाही. जवळपास येईल.

तोपर्यंत कॅमेरा कपाटात आहे. किल्ली मी महादेवरावांकडे दिली आहे. कशाची ते त्यांना सांगितलं नाही.

किशोर


अमरावती
१२ जानेवारी २०२५

रागिणी,

तू येऊन गेल्याला आठवडा झाला. तू विचारलंस त्याची उत्तरं मी दिली नाहीत. ती लिहितो.

तू घरात आली नाहीस, अंगणात खुर्चीवर बसलीस. चष्मा काढून माझ्या हातात दिलास. चंद्रभान म्हणाला, "ताई, नीट धर, लाटणं नाई ते." त्यावर तू "चूप बस बे" म्हणालीस. तेवढ्यापुरतं जुनं काहीतरी कानावर आलं. मग तू बराच वेळ चाक फिरवत राहिलीस. माझ्या हातातल्या चष्म्याच्या काचा पुसलेल्या नव्हत्या, मी त्या शर्टाला पुसल्या.

"दिसून राह्यलं," तू म्हणालीस. "समोरच्या गच्चीवरची दोरी दिसते. दोरीचे चिमटे दिसते."

मी विचारलं, "त्याचंच आहे का?"

तू कॅमेरा खाली केला नाहीस. तसंच म्हणालीस, "हे माह्यं हाय. त्याचं मी कसं सांगू? मार्चात त्याचा नंबर वाढला होता. माह्याच भावासंग जाऊन त्यानं नवा चष्मा आणला होता. तुमाले कुठं माहीत." मला माहीत नव्हतं. मग म्हणालीस, "तुमाले काय वाटलं? मी फिरवीन आन तो याच्यातून दिसन?"

 उत्तर हो असं आहे. तसंच काहीतरी वाटलं होतं. तू कॅमेरा खाली करशील आणि काहीतरी सांगशील असं वाटलं होतं.

तू रडलीस तेव्हा चंद्रभान फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मी पाणी आणायला आत गेलो आणि आतच राहिलो. तुला वाटलं असेल मी टाळलं. स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवला होता, तो तुला ऐकू गेला असेल. तो पाण्यासाठी सोडला नव्हता.

कॅमेरा तू घेऊन गेलीस. "तुमच्याजवळ राह्यला तर तुमी पुन्हा फिरवसान," म्हणालीस. बरोबर आहे. तुझ्याकडे राहू दे. बंद कपाटात ठेवू नकोस, भिंगाला बुरशी धरते. औषधाच्या डब्यात येते ती ओल शोषणारी पुडी पिशवीत टाक. बॅटरी काढून ठेव. वापरलास तर आणखी चांगलं, नुसता ठेवला की बिघडतो. वरचं बटण हलकं दाबलं की नेम धरतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो.

तू गाडीत बसताना म्हणालीस, "तुमाले पाह्यजे तर तो मोठा घ्या. वर्षाचं कोणी बोललं तर माह्यं नाव सांगजा." चंद्रभानने गाडी चालू केल्यावर काच खाली करून विचारलंस, "मले या घरात झोप नाई येत. तुमाले येते?"

मी "येते" म्हणालो. येत नाही.

किशोर


अमरावती
२ फेब्रुवारी २०२५

रागिणी,

तुझा फोटो मिळाला. चंद्रभानच्या फोनवरून आला, खाली काही लिहिलेलं नव्हतं. कडुनिंबाची फांदी आहे आणि मागे पत्र्याचं छत. नितेशच्या खोलीच्या खिडकीतून काढलेला दिसतो. थोडा हलला आहे. कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलंस तर हलणार नाही.

मी काल फुल फ्रेम घेतला. आता घ्यायचं कारण उरलं नव्हतं, तरी घेतला.  तू घ्या म्हणालीस, आणि नितेश घ्या म्हणत होता. ओमप्रकाशने जुन्याबद्दल विचारलं नाही. मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली, तर "छोड़ो सर, हमको बाद में किसी ने बताया," म्हणाला आणि खोका बांधत राहिला.

महादेवराव बघायला आले होते. हातात घेऊन तोलून म्हणाले, "वजन हाय सर याले. लेकरू उचलल्यासारखं वाटते." आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. चहा अर्धा ठेवून गेले.

चाक माझ्या डोळ्याला लावलं. एकदाच फिरवावं लागलं. आता ते तसंच राहील, दुसरं कोणी फिरवणार नाही. 

तलावावर नेला नाही. संध्याकाळी फाटकात उभा राहिलो. शनिवार होता. आपली गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथपर्यंत दिसतं, आणि नितेश दर शनिवारी त्याच कोपऱ्यावरून वळायचा. आधी गाडीचा आवाज, मग हेल्मेट. मी कॅमेरा तिकडे धरला. एक मुलगी सायकलवरून गेली, तिला जाऊ दिलं. मग बटण दाबलं. या कॅमेऱ्यात काढलेला हा पहिला फोटो.

आत येऊन चष्मा लावला आणि तो पडद्यावर मोठा करून पाहिला. उजेड गेला होता तरी कुठे दाणा नाही. विजेच्या तारा वेगवेगळ्या दिसतात. कोपऱ्यावरच्या दुकानाचं बंद शटर दिसतं, त्याच्या पट्ट्या दिसतात. त्या कोपऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट आलं आहे. कोणी येत नाही.

किशोर